इनासने जपलेली बरणी

देवळाची घंटा वाजली तेव्हा मी पडवीत बसून सहामाहीचे पेपर तपासत होतो. आमच्याकडे वसईतल्या सांडोरला ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, आणि गावात राहणाऱ्याला, मग तो कुठल्या का धर्माचा असेना, त्या देवळाची घंटा कळते. लग्नाची निराळी, सणाची निराळी आणि ही थांबून थांबून पडणारी, मयताची, निराळी. माझी बायको सुमन परसात कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच थांबला. "इनासभावोजी..." एवढंच ती म्हणाली. मी हातातला पेपर पुरा तपासला, गुण दिले, खाली सही केली. कोणाचा पेपर होता आणि काय गुण दिले, देव जाणे. चार दिवस आमचा शेजारी इनास दवाखान्यात होता. आदल्याच दिवशी दुपारी मी त्याला भेटून आलो होतो. छातीवर हात ठेवून पडला होता, पण मला पाहिल्यावर म्हणाला, "मास्तर, माझी पाण्याची मोटार बंद केलीस ना? नाहीतर पाटातलं पाणी रस्त्यावर जायचं." मी म्हटलं, केली बाबा. मग त्यानं विचारलं, "नोव्हेंबरच्या दोन तारखेच्या आत सोडतील ना मला?" मी हसून म्हटलं, "तोवर तू नाचायला लागशील." थापच होती ती. डॉक्टरांनी मला दारातच सगळं सांगितलं होतं. आयुष्यात इनासशी मी खोटं बोललो असेन तर ते तेवढंच.

आमची वाडी आणि त्याची वाडी, मध्ये मेंदीचं कुंपण. दोन्ही वाड्यांना पाणी एकाच बावखलाचं, म्हणजे आमच्याकडच्या त्या वाडीतल्या जुन्या तळ्याचं. आम्ही एकाच वर्गात शिकलो. नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि सातवीनंतर बापानं त्याला पानवेलीत आणि केळीत घातलं. मी पुढं शिकून शिक्षक झालो, पण तो मला शाळेत असल्यापासूनच 'मास्तर' म्हणायचा, कारण त्याची सगळी गणितं मी सोडवून द्यायचो. त्या बदल्यात तो मला सुकेळी आणून द्यायचा, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, बोटांना चिकटणारी. हा व्यवहार शाळा सुटल्यावरही चालूच राहिला, फक्त गणितं संपली. माणूस कमालीचा बुजरा. बाजारात पाटी घेऊन बसला तर गिऱ्हाईक ओरडायचं, हा नाही. चार माणसांत उभं राहायची वेळ आली की ह्याचे कान लाल. मी तापट आणि बडबड्या, तो असा मुका. आमचं कसं जमलं, असं पुष्कळ जण विचारायचे. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं ठरवलं की जमतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्यांची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनऐवजी मराठीत व्हायला लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावातल्या साध्या माणसांनाही पुढं बोलावून शास्त्रपाठ वाचायला लावत. एका रविवारी इनासची पाळी आली. आठवडाभर तो माझ्या पडवीत बसून तो उतारा पाठ करत होता, मी त्याचे उच्चार दुरुस्त करत होतो. बाप्तिस्मा न झालेला मी, आणि बायबलाचा तो उतारा मला अजून पाठ आहे! रविवारी ऐकायला म्हणून मी मुद्दाम देवळात मागच्या बाकावर जाऊन बसलो. इनास वर चढला, "बंधुभगिनींनो" म्हणाला आणि जो थांबला तो थांबलाच. शेवटी फादरांनीच उठून वाचलं. त्याच दिवशी फादरांनी प्रवचनात सांगितलं की, श्रद्धा अशी घरात झाकून ठेवू नका, शेजाऱ्याला सांगा. संध्याकाळी इनास बावखलाच्या काठावर माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "फादर म्हणतात शेजाऱ्याला सांगा. माझा शेजारी तू. तुला रे मी काय सांगू?" मी म्हटलं, "बंधुभगिनींनो, एवढं सांग. तेवढं तुला येतं." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. त्याला खरंच सांगायचं होतं, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. समजलं नाही.

आमची कुंदा सात वर्षांची होती. श्रावणात तिला ताप आला आणि सहाव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही... आजवर लिहिलं नाही, बोललोही नाही. घरात तिचं नाव काढायचं नाही असा मी नियमच केला होता. तिची पाटी, तिचा फ्रॉक, सगळं मी माळ्यावर टाकलं. सुमननं एकदाच विचारलं होतं, वर्षश्राद्ध कधी करायचं म्हणून. घरी आलेले भटजी म्हणाले, एवढ्या लहान पोरीचं श्राद्ध नसतं. "मग तिचा दिवस कुठला?" सुमननं विचारलं. भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मी चिडून म्हणालो, "दिवस पाळल्यानं पोरगी परत येणार आहे का?" त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही.

त्या तीन महिन्यांत इनास रोज संध्याकाळी यायचा. पाय धुऊन पडवीत टेकायचा. केळीला लागलेल्या किडीबद्दल बोलायचा, बावखलाच्या पाण्याबद्दल बोलायचा, वालीवच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहतायत आणि पोरं वाडी सोडून तिकडे पळतायत म्हणून हळहळायचा. मध्येच थांबायचा. ओठ हलायचे. मग उठून "जातो, मास्तर" म्हणायचा. मला वाटायचं, ह्याला काहीतरी मागायचंय आणि भिडेपोटी मागत नाही. एकदा मी वैतागून म्हटलंसुद्धा, "काय ते बोलून टाक ना एकदाचं!" त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "काही नाही रे, मोटारीचा आवाज बदललाय." मोटारीच्या आवाजाला काही झालं नव्हतं.

नोव्हेंबरची दोन तारीख हा त्यांचा मृतांचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव देवळामागच्या दफनभूमीत जमतं. कबरी धुतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि फादर एकेका कबरीपाशी थांबून प्रार्थना करतात, पवित्र पाणी शिंपडतात. त्या संध्याकाळी शाळेतून येताना मी सायकल बाहेर लावून इनासला शोधत आत गेलो. आमच्या वाडीतली वीज सकाळपासून गेली होती, त्याच्या घरची गेलीय का एवढंच विचारायचं होतं. तो आईच्या कबरीपाशी गुडघ्यावर बसला होता. बायको मार्थावहिनी शेजारी. कबरीवर एक मेणबत्ती होती. आणि कबरीच्या पायथ्याशी, नुसत्या मोकळ्या जमिनीवर, काचेच्या बरणीत दुसरी. वाऱ्यानं विझू नये म्हणून ती बरणीत ठेवलेली. भोवती पाच-सहा झेंडूची फुलं, नीट गोल मांडलेली. "ही कोणाची रे?" मी सहज विचारलं. इनास उभा राहिला. दुसरा कोणी असता तर आजीची म्हणाला असता, काकाची म्हणाला असता. तो म्हणाला, "कुंदाची."

पुढं जे केलं ते मी केलं. कोणावर ढकलायचं नाही. तीन महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या एका नावासरशी डोक्यात गेलं. मी ओरडलो, "माझ्या पोरीला मेल्यावर बाटवतोस?" आणि चपलेसकट लाथ मारली. बरणी कलंडली, कडेचा टवका उडाला, मेणबत्ती मातीत पडली, तीसुद्धा मी चपलेनं चिरडली. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. वसईत हा शब्द कोणी उगाच उच्चारत नाही. मागं मागं गेलं तर त्यांचे आणि आमचे पूर्वज एकाच चुलीवरचं जेवलेले असतील, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे, आणि तो एक शब्द काढला की पोर्तुगीजांपासूनचं चारशे वर्षांचं सगळं वर येतं. गावातले दोघे-तिघे तरणे पुढं सरसावले. इनासनं हात आडवा घातला. "त्याला जाऊ द्या," म्हणाला. खाली वाकून बरणीतली माती झटकायला लागला. मी तरातरा बाहेर आलो. घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं, तेही फुशारकीनं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही.

नऊ-दहा महिने आम्ही बोललो नाही. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे तो. त्याचं खोकणं मला ऐकू यायचं. संध्याकाळी पडवीत त्याची जागा रिकामी असायची आणि मी तिथं मुद्दाम वह्यांचे गठ्ठे ठेवायचो. आपणच बरोबर असं स्वतःला पटवायला माणसाला किती कष्ट पडतात म्हणून सांगू!

वर्ष सरलं आणि आमच्या घरी पुन्हा गणपती बसला. इनास लहानपणापासून दर वर्षी आमच्या गणपतीला राजेळी केळ्यांचा घड आणायचा. त्या वर्षी तो येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. दुपारची आरती नुकतीच संपली होती. माझे दोघे भाऊ, त्यांच्या बायका, अर्नाळ्याहून आलेली म्हातारी आत्या, शेजारपाजारचे, घर भरलेलं. दारात इनास उभा. खांद्यावर घड, अंगात मिस्सेला घालायचा पांढरा सदरा. त्यानं घड गणपतीपुढं ठेवला, हात जोडले आणि वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, मला बोलायचंय." त्याचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, आता हा 'बंधुभगिनींनो' म्हणून थांबणार. धाकटा भाऊ म्हणालाच, "इथं नको, इनास." तो म्हणाला, "मास्तरनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. सगळ्यांसमोरच सांगतो."

आणि तो बोलला. अडखळत, घाम पुसत, पण थांबला नाही. म्हणाला, "मी कोणाला बाटवायला आलो नाही. माझी आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. तेव्हा मला सांगितलं, येशू मरणातून उठला, तो तुझ्या आईलाही उठवील. ते मी धरून ठेवलं. त्याच्यावर मी आजवर उभा आहे, दुसरं माझ्याकडे काही नाही. तुझी कुंदा गेली, मास्तर... मी रोज तुझ्याकडे यायचो. मनात हे असायचं आणि तोंडानं मी किडीबद्दल बोलायचो. घरात भाकरी असताना उपाशी माणसापाशी बसून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, तसं मला वाटायचं. पण मला भीती वाटायची. तू हसशील, लोक काय काय म्हणतील. ते आता म्हणून झालंय. म्हणून आज सांगतो. ती संपली नाही, असं मी मानतो. तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. तुला पटलं नाही तर सोडून दे. पण मला माहीत असून मी तुला सांगितलंच नाही, असं नको राहायला."

मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "तुमच्या देवाला माझी पोर कुठून माहीत असणार? तिचा तर बाप्तिस्मासुद्धा नाही." हा प्रश्न मी त्याला हरवायला विचारला होता, हे कबूल करतो. इनासनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "त्याचं उत्तर मला येत नाही, मास्तर. मी सातवी शिकलेला. पण त्यानं पोरांना जवळ घेतलं तेव्हा ती कोणाची, असं विचारलं नव्हतं." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. पोरगी गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो. मी उठून आत गेलो. मागं आत्याचा आवाज ऐकू आला, "बस रे इनास, पान मांडलंय. मोदक खाऊन जा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडवीतले गठ्ठे उचलले. तो आला, पाय धुतले आणि टेकला. मी त्याची माफी मागायला हवी होती. नाही मागितली. सुमननं चहा आणला आणि आम्ही मोटारीबद्दल बोललो.

मी ख्रिस्ती झालो नाही, आणि त्यानंही ते कधी विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर हा माणूस बोलायला लागला. दर वेळी कान लाल व्हायचे, तरी. वाडीतला गडी साप चावून दगावला तर त्याच्या घरी जाऊन बसला आणि चार शब्द बोलून आला. देवळात पुन्हा शास्त्रपाठ वाचला, शेवटपर्यंत. मी त्याला विचारायचो, आता भीती नाही का वाटत? तर म्हणायचा, "वाटते की. पण तुझ्यासमोर बोलून झालंय, तुझ्याहून तापट कोण भेटणार?" आणि दर वर्षी दोन नोव्हेंबरला दुपारी तो कुंपणापाशी यायचा, टवका उडालेली ती बरणी पिशवीतून जराशी वर काढून दाखवायचा. "जातो, मास्तर." मी म्हणायचो, "जा." बारा वर्षं एवढंच. बरोबर येतो असं मी एकदाही म्हटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर दर वर्षी ती आशा असायची, ती मला दिसायची, आणि मी मोटारीकडे वळायचो.

इनास गेल्यावर सातव्या दिवशी त्याच्यासाठी मिस्सा झाली. ती आटोपल्यावर मार्थावहिनी आमच्याकडे आल्या. पिशवीतून बरणी काढून त्यांनी सुमनच्या हातात दिली. म्हणाल्या, "ही तुमची, वहिनी. तुम्हाला परत द्यायला सांगून गेले." मी म्हटलं, आमची कशी? सुमननं बरणी उलटी केली. बुडाशी लाल रंगानं काढलेली पुसट खूण होती, तीच जी आमच्या लोणच्याच्या सगळ्या बरण्यांवर आहे, लग्नात सासरी देताना सुमनच्या आईनं घातलेली. पोरांच्या वहीतली हातच्याची चूक मला दोन बाकांवरून दिसते, आणि स्वतःच्या घरातली बरणी मी बारा वर्षं कुंपणावरून बघून ओळखली नाही!

सुमन खाली बसली. सांगायला लागली. भटजी येऊन गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं कुंपणापाशी इनासला विचारलं होतं, तुमच्यात लहान पोरं गेली तर त्यांचा दिवस असतो का? तो म्हणाला होता, असतो, सगळ्यांचा असतो. तेव्हा तिनंच त्याला बरणी आणून दिली होती. माझ्या कुंदाची एक लावाल का, भावोजी? पण ह्यांना सांगू नका. "तुम्ही त्या दिवशी लाथ मारून आलात... मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचा चेहरा बघून तोंडच उघडेना. दुसऱ्या दिवशी मी भावोजींना म्हटलं, मी सांगते ह्यांना, मीच सांगितलं होतं म्हणून. ते म्हणाले, नको वहिनी, आधीच तो मोडलाय, त्याला घरातही एकटा करू नका." भर दफनभूमीत मी त्याला बाटवणारा म्हटलं, आणि दोन शब्दांत तो मला गप्प करू शकला असता. आयुष्यभर मी त्याला बुजरा समजत आलो. बोलायचं होतं तिथं तो बोलला आणि झाकायचं होतं तिथं त्यानं बारा वर्षं झाकलं. माझ्या घरात तोंड उघडायची भीती दुसऱ्याच कोणाला तरी होती, आणि ती भीती घालणारा मी होतो. मी सुमनला म्हटलं, "चुकलो." इनासला म्हणायचं राहून गेलं... ते आता राहिलंच.

यंदा दोन तारखेला दुपारी कुंपणापाशी कोणी आलं नाही. सुमननं बरणी घासून लख्ख केली. आम्ही दोघं गेलो. इनासच्या आईच्या शेजारीच त्याला ठेवलंय, माती अजून बसलेली नाही. मार्थावहिनींनी आमच्यासाठी जागा केली. त्याच्यासाठी आणलेली मेणबत्ती मी त्याच्या मातीवर लावली. दुसरी सुमननं बरणीत ठेवली आणि बरणी त्याच्या आईच्या कबरीच्या पायथ्याशी, त्या मोकळ्या जमिनीवर. काडी मी ओढली, दोनदा विझली. फादर आता नवे आहेत, तरुण, गावाची त्यांना पुरती माहिती नाही. कबरीमागून कबर करत, पाणी शिंपडत ते आमच्यापर्यंत आले. इनाससाठी त्यांनी प्रार्थना म्हटली. मग बरणीपाशी थांबले. तिथं ना क्रूस, ना नाव. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "इथं कोण?"

आजूबाजूला सगळं गाव उभं होतं. त्यांतल्या कित्येकांनी मला त्या दिवशी पाहिलं होतं. माझे कान तापले. इनासला दर वेळी काय होत असेल ते मला तेव्हा कळलं.

"माझी मुलगी," मी म्हणालो. "कुंदा."

फादरांनी पाणी शिंपडलं. दोन थेंब माझ्या पायांवर पडले. चपला मी फाटकाबाहेरच काढून ठेवल्या होत्या.